एनएफएल ड्राफ्टमध्ये वरचा क्रमांक हाती असणं किती मोलाचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल जवळ आला की एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या, ड्राफ्टबद्दल तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही जण शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नुकतेच इकडे आलेले असतात. काही जण पुण्या-मुंबईत शुक्रवारी पहाटे साडेपाचला उठून पहिली फेरी बघणारे असतात. गेल्या काही वर्षांत आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी शिकागोजवळ राहतो, त्यामुळे शिकागोची उदाहरणं जरा जास्त येतील. पण या विषयात त्यांच्याइतकं शिकवणारं उदाहरण दुसरं नाही, असं माझं खरंच मत आहे.

१. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलावच ना?

नाही. लिलावात ज्याची बोली मोठी, खेळाडू त्याचा. ड्राफ्टमध्ये बोली नसतेच, फक्त पाळी असते. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूंमधून ३२ संघ एकामागून एक निवड करतात. अशा सात फेऱ्या होतात. हायस्कूल सोडून तीन वर्षं झालेला खेळाडूच पात्र ठरतो. ज्याला निवडलं, त्याच्याशी त्या लीगमध्ये करार करण्याचा हक्क फक्त निवडणाऱ्या संघाला मिळतो.

ही पद्धत फिलाडेल्फियाचे मालक बर्ट बेल यांनी सुचवली आणि पहिला ड्राफ्ट १९३६ मध्ये झाला. त्याआधी चांगला खेळाडू श्रीमंत आणि जिंकणाऱ्या संघांकडेच जायचा. दुबळा संघ दुबळाच राहू नये, म्हणून शेवटून पहिल्या आलेल्या संघाला पहिली निवड द्यायची, ही त्यामागची कल्पना.

२. कोणाचा नंबर कितवा, हे कसं ठरतं? चिठ्ठ्या टाकतात का?

चिठ्ठ्या नाहीत. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये लॉटरी असते, इथे सरळ उलटा क्रम असतो. प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) न पोचलेले १८ संघ पहिल्या १८ जागांवर येतात, सर्वांत खराब निकालवाला सर्वांत आधी. मग प्लेऑफमध्ये जो जितका लवकर हरला तितका तो आधी. सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना, हरणारा ३१ वा, जिंकणारा ३२ वा.

दोन संघांचे निकाल सारखे असतील तर ज्याचं वेळापत्रक सोपं होतं त्याला वरचा नंबर मिळतो. तर्क असा, की सोप्या प्रतिस्पर्ध्यांसमोरही तेवढंच हरला, म्हणजे जास्त गरजू तोच. अर्थात हा झाला मूळ क्रम. निवडीच्या रात्री प्रत्यक्षात कोण कुठे असेल हे सौद्यांवर ठरतं (प्रश्न ५).

३. पहिला किंवा दुसरा नंबर मिळण्यात एवढं मोल कशाचं आहे?

लोकांना वाटतं, मोल त्या खेळाडूचं. माझ्या मते ते अर्धंच खरं आहे.

वरच्या पिकवाल्याकडे (पिक म्हणजे निवडीची पाळी) सगळ्यांआधी निवडण्याचा हक्क असतो आणि ज्या वर्षी एखादा खरोखर वेगळा खेळाडू येतो, त्या वर्षी त्या हक्काला तोड नसते. शिवाय तो खेळाडू चार वर्षं ठरावीक, बाजारभावापेक्षा कितीतरी कमी पगारात मिळतो (प्रश्न ४). पण तिसरी गोष्ट लोक विसरतात: तो हक्क विकता येतो. ज्याला त्या वर्षी कोणी मनासारखा दिसत नाही, तो आपली पाळी दुसऱ्याला देऊन बदल्यात अनेक निवडी घेऊ शकतो. रस्त्याला लागून असलेल्या प्लॉटसारखंच हे. तुम्ही घर बांधा किंवा बांधू नका, भाव असतोच, कारण बांधायची इच्छा असलेला दुसरा कोणीतरी असतो.

४. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू तर करोडो डॉलर घेतो, मग तो स्वस्त कसा?

तुलना कोणाशी करताय यावर ते आहे. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सेंट लुईसने सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार दिला आणि त्यातले ५ कोटी हमीचे होते. लीगमध्ये एकही चेंडू न फेकलेल्या मुलाला! पुढच्याच वर्षी खेळाडूंची संघटना आणि मालक यांच्यात नवा करार झाला आणि नवख्यांचे पगार क्रमांकाप्रमाणे बांधून टाकले. २०११ चा पहिला खेळाडू कॅम न्यूटन याला चार वर्षांचे २ कोटी २० लाख मिळाले. एका वर्षात एवढा फरक.

आताचे आकडे बघा. २०२४ चा पहिला, केलेब विल्यम्स, चार वर्षांत सुमारे ३ कोटी ९५ लाख डॉलर घेतो, म्हणजे वर्षाला एक कोटीच्या आत. त्याच वर्षी डॅलसने डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला ६ कोटींच्या दराने करार केला. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असते, ती २०२४ मध्ये २५ कोटी ५४ लाख होती. म्हणजे चांगला क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, चढाई चालवणारा खेळाडू) नवख्याच्या पगारात मिळाला, तर वर्षाला जवळजवळ ५ कोटी डॉलर बाकीच्या संघावर खर्चायला मोकळे होतात. खरा फायदा हा आहे.

पहिल्या फेरीतल्या खेळाडूला संघाच्या मर्जीने पाचव्या वर्षीही ठेवता येतं, आणि पहिले तीन हंगाम पुरे होईपर्यंत खेळाडूला करार बदलून घेता येत नाही.

५. ‘तीन हजार पॉइंटचा पिक’ असं समालोचक म्हणतात. हे पॉइंट काय असतात?

ही डॅलसची देणगी. १९८९ मध्ये कोच जिमी जॉन्सन यांनी आपला सर्वांत मोठा खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात पिकांचा ढीगच घेतला. एवढे पिक हाती आल्यावर रोज सौदे सुरू झाले आणि प्रत्येक वेळी अंदाजाने बोलण्यापेक्षा एक दरपत्रक हवं, असं वाटलं. संघाच्या मालकीत भागीदार असलेल्या माइक मॅकॉय यांनी ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलं. जुन्या सौद्यांत कोणी किती दिलं, हे बघून.

त्यात पहिला पिक ३००० पॉइंटचा, दुसरा २६००, तिसरा २२००, पाचवा १७००, दहावा १३००, सोळावा १००० आणि बत्तिसावा ५९०. पाहा, पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत येता येता किंमत एक तृतीयांश होते.

एक खरा सौदा मांडून बघू. २०२३ मध्ये कॅरोलायनाने शिकागोकडून पहिला पिक घेतला. दिलं काय? नववा (१३५०), एकसष्टावा (२९२), २०२४ चा पहिल्या फेरीतला पिक, २०२५ चा दुसऱ्या फेरीतला आणि डीजे मूर हा कसलेला रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा). त्या वर्षीच्या दोन पिकांचे १६४२ पॉइंट झाले, उरलेले १३५८ भविष्यातल्या पिकांनी आणि मूरने भरून काढायचे होते. कागदावर सौदा रास्त दिसतो. पुढे काय झालं ते प्रश्न ७ मध्ये.

६. मग हे दरपत्रक बरोबर आहे का?

ते बाजारभाव सांगतं, खरी किंमत सांगेलच असं नाही. अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर (२०१७ चे नोबेल विजेते) आणि केड मॅसी यांनी याचाच अभ्यास केला. त्यांच्या एका निष्कर्षाने मी तरी हादरलो होतो. एकाच जागेवर खेळणाऱ्या, एकामागोमाग निवडलेल्या दोन खेळाडूंची तुलना केली, तर आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता फक्त ५२ टक्के निघाली. नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरं. म्हणजे ‘हाच मुलगा, याच्यासाठी दोन वर्षांचे पिक देतो’ म्हणणारा व्यवस्थापक स्वतःच्या पारखीवर गरजेपेक्षा फार जास्त विश्वास ठेवत असतो.

पगार वजा करून उरणारा फायदा पहिल्या क्रमांकाला नाही, तर दुसऱ्या फेरीच्या आसपास सर्वांत जास्त असतो, असंही त्यांना दिसलं. पण इथे सावध राहा. तो हिशोब २०११ च्या आधीच्या पगारांचा आहे. ब्रॅडफर्डचा करार न्यूटनच्या करारावर आल्यावर वरचे पिक खूपच परवडू लागले. त्यामुळे ‘वरचा पिक म्हणजे शाप’ हे वाक्य आज कोणी जसंच्या तसं फेकलं, तर मान्य करू नका. ५२ टक्क्यांची गोष्ट मात्र पगाराशी बांधलेली नाही.

७. पहिला पिक विकणारा जिंकतो की घेणारा?

माझा कल विकणाऱ्याकडे आहे, पण एक ‘पण’ आहे.

आधी प्रश्न ५ मधला सौदा. कॅरोलायनाने पहिल्या पिकवर ब्राइस यंगला घेतलं आणि २०२३ च्या हंगामात १७ पैकी फक्त दोन सामने जिंकले. लीगमधला सर्वांत खराब निकाल. त्यामुळे त्यांचा २०२४ चा जो पिक शिकागोकडे गेला होता, तोच पहिला निघाला! शिकागोने त्यावर केलेब विल्यम्सला घेतलं. एका वर्षी पहिला पिक विकून पुढच्या वर्षी पुन्हा पहिला पिक, वर मूर, आणि २०२५ मध्ये दुसऱ्या फेरीत ३९ वा. घेणाऱ्या संघाने हे डोक्यात ठेवायलाच हवं: भविष्यातला पिक देताना आपण आपल्याच अपयशाची किंमत दुसऱ्याच्या हाती देतो.

आता तो ‘पण’. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने रॉबर्ट ग्रिफिनसाठी सेंट लुईसला सहावा आणि एकोणचाळिसावा पिक, शिवाय २०१३ आणि २०१४ चे पहिल्या फेरीतले पिक दिले. ग्रिफिनने पहिल्याच वर्षी वॉशिंग्टनला गट जिंकून दिला. मग गुडघा गेला आणि तो पूर्वीसारखा कधीच खेळला नाही. डिसेंबर २०१४ मध्ये सेंट लुईस वॉशिंग्टनला खेळायला आला, तेव्हा नाणेफेकीला सहा कर्णधार पुढे आले आणि सहाही त्या सौद्यातून मिळालेले खेळाडू होते. सामना २४-० असा सेंट लुईसने जिंकला. ते दृश्य पाहणाऱ्याला वाटावं, झालं, हिशोब चुकता झाला.

पण त्याच सेंट लुईसने २०१२ ते २०१५ या चार हंगामांत एकदाही हरलेल्या सामन्यांपेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. ग्रिफिनच्या सौद्यातून आलेल्या २०१४ च्या दुसऱ्या पिकवर घेतलेला ग्रेग रॉबिन्सन फसला. पिक मिळवणं आणि ते नीट वापरणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि क्वार्टरबॅक नसेल तर बाकीचे सहा चांगले खेळाडू एका मर्यादेपलीकडे नेत नाहीत.

८. सगळी चर्चा क्वार्टरबॅकभोवतीच का फिरते?

कारण प्रत्येक चढाईत चेंडू त्याच्या हातातून जातो, आणि चांगले क्वार्टरबॅक संघांच्या संख्येपेक्षा नेहमीच कमी असतात. ज्यांच्याकडे आहे ते सोडत नाहीत. म्हणून ड्राफ्ट हाच जवळजवळ एकमेव रस्ता उरतो आणि वरच्या पिकचा भाव चढतो.

पण वरच्या पिकवर मिळालेला क्वार्टरबॅक चांगलाच निघतो, असं नाही. २०१८ ची पहिली फेरी बघा. बेकर मेफील्ड पहिला, सॅम डार्नोल्ड तिसरा, जॉश ॲलन सातवा, जॉश रोझन दहावा, लमार जॅक्सन बत्तिसावा. हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान पुढे मिळाला तो शेवटच्याला (२०१९ आणि २०२३) आणि सातव्याला (२०२४). त्याच २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने सहाव्यावरून तिसऱ्या नंबरवर येण्यासाठी इंडियानापोलिसला दुसऱ्या फेरीतले तीन पिक दिले होते, आणि इंडियानापोलिसने सहाव्या नंबरवर क्वेंटन नेल्सन घेतला. क्वार्टरबॅकसमोर वर्षानुवर्षं भिंतीसारखा उभा असलेला गार्ड.

२०१७ मध्ये शिकागोने तर तिसऱ्यावरून दुसऱ्या नंबरवर येण्यासाठी तीन जादा पिक मोजून मिच ट्रुबिस्की घेतला. पुढे लीगमधला अव्वल क्वार्टरबॅक ठरलेला पॅट्रिक महोम्स त्याच ड्राफ्टमध्ये दहावा गेला, कॅन्सस सिटीकडे. इथल्या माणसांना अजूनही त्या रात्रीबद्दल विचारू नये.

९. टॉम ब्रेडी १९९ वा होता. मग वरच्या पिकची गरजच काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. आजवरच्या सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅकांपैकी एक असलेला ब्रेडी २००० मध्ये सहाव्या फेरीत १९९ वा होता हे खरंच, आणि ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा. पण सहाव्या-सातव्या फेरीत दरवर्षी निवडले गेलेले आणि दोन वर्षांत घरी गेलेले शेकडो खेळाडू आपल्या लक्षात राहत नाहीत. ब्रेडी लक्षात राहतो, कारण तो एकच आहे.

सॅन फ्रान्सिस्कोचा अनुभव मात्र विचार करायला लावतो. २०२१ मध्ये त्यांनी बाराव्यावरून तिसऱ्या नंबरवर येण्यासाठी पहिल्या फेरीतले पुढचे दोन पिक आणि तिसऱ्या फेरीतला एक दिला आणि ट्रे लान्सला घेतलं. लान्सने त्यांच्यासाठी चार सामन्यांत सुरुवात केली. वर्षभराने त्याच संघाने शेवटच्या पिकवर पर्डी घेतला आणि २०२३ च्या हंगामात तो त्यांना सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. २०२५ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार झाला. या गोष्टीतून ‘शेवटचा पिक घ्या’ असं निघत नाही. ५२ टक्क्यांचा तो आकडा आठवा (प्रश्न ६), एवढंच.

१०. मग संघ मुद्दाम का हरत नाहीत?

मैदानावरची माणसं मुद्दाम हरत नाहीत. त्यांची नोकरी पुढच्या वर्षी असेल की नाही, हे आजच्या खेळावर ठरतं. जो तरुण खेळाडू ड्राफ्टमधून येणार, तो कदाचित त्यांचीच जागा घ्यायला येणार असतो. मग त्याच्यासाठी ते का हरतील?

८ जानेवारी २०२३ ची दुपार मला लख्ख आठवते. हंगामाचा शेवटचा दिवस. ह्यूस्टन हरला असता तर पहिला पिक त्यांचा होता. इंडियानापोलिसमध्ये ते ३१-२४ ने मागे होते, मिनिटापेक्षा कमी वेळ उरलेला, चौथा आणि शेवटचा प्रयत्न, २० यार्ड हवे होते. हातातून गेलेला सामना. डेव्हिस मिल्सने चेंडू भिरकावला आणि जॉर्डन ॲकिन्सने तो २८ यार्डांवर, थेट एंड झोनमध्ये (मैदानाच्या टोकाच्या गुणांच्या पट्ट्यात) झेलला. ३१-३०. आता एक गुण घेऊन बरोबरी साधायची की दोन गुणांसाठी जायचं? कोच लवी स्मिथ दोनसाठी गेले. पुन्हा ॲकिन्स. ३२-३१. आमच्या गल्लीत, जिथे शिकागो त्याच वेळी मिनेसोटाकडून हरत होता, समोरच्या घरातून आरडाओरडा ऐकू आला. पहिला पिक शिकागोकडे आला होता. आणि तो मिळवून दिला कोणी, तर नऊ वर्षं शिकागोचे कोच राहिलेल्या माणसाने! त्याच रात्री ह्यूस्टनने स्मिथना काढून टाकलं.

गंमत पुढे आहे. ह्यूस्टनला दुसऱ्या नंबरवर सी. जे. स्ट्राउड मिळाला. शिवाय सौदा करून तिसऱ्या नंबरवर विल अँडरसन. त्या वर्षीचे आक्रमण आणि बचावातले सर्वोत्तम नवखे हेच दोघे ठरले. पहिला पिक ‘गमावल्याबद्दल’ हळहळणारे ह्यूस्टनचे चाहते वर्षभरात स्मिथना दुवा देत असतील.

११. यंदाचा पिक घेऊन पुढच्या वर्षीचा द्यावा का?

शक्यतो नाही. सौद्यांमध्ये सर्वसाधारण ठोकताळा असा, की पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीतला पिक म्हणजे यंदाचा दुसऱ्या फेरीतला. मॅसी-थेलर यांनी हेच व्याजदरात मांडलं तेव्हा आकडा आला वर्षाला १३६ टक्के. गावच्या सावकारालाही लाज वाटावी. कारण साधं आहे: ज्या व्यवस्थापकाला वाटतं की यंदा जिंकलो नाही तर आपण पुढच्या वर्षी इथे नसू, त्याला पुढच्या वर्षीचा पिक जपण्यात रस नसतो.

न्यू ऑर्लीन्सने १९९९ मध्ये याचा कळस केला. कोच माइक डिटका यांनी रिकी विल्यम्ससाठी त्या वर्षीचे सगळे पिक आणि वर २००० चे पहिल्या आणि तिसऱ्या फेरीतले पिक वॉशिंग्टनला दिले. संघ तीन सामने जिंकला, तेरा हरला, डिटकांची नोकरी गेली, आणि दिलेला २००० चा पिक दुसऱ्या क्रमांकाचा निघाला.

१२. पहिल्या फेरीत एकही पिक नसताना जिंकता येतं का?

येतं. लॉस एंजेलिस रॅम्सनी २०१६ मध्ये जॅरेड गॉफला पहिल्या क्रमांकावर घेतलं आणि त्यानंतर २०२४ पर्यंत पहिल्या फेरीत एकही खेळाडू निवडला नाही. गॉफ आणि पहिल्या फेरीतले दोन पिक देऊन त्यांनी २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्ड घेतला आणि त्याच हंगामात सुपर बोल जिंकला. मात्र ते खालच्या फेऱ्यांमधून सातत्याने चांगले खेळाडू काढत होते, म्हणून ते जमलं. प्रत्येकाने नक्कल करावी असा हा मार्ग नाही.

१३. ठरलेल्या वेळेत नाव दिलं नाही तर पिक जातो का?

जात नाही. पण मागचा संघ पुढे घुसू शकतो. २००३ मध्ये मिनेसोटा सातव्या नंबरवर सौद्याची बोलणी करत बसला, घड्याळ संपलं आणि दोन संघ त्यांच्या आधी नावं देऊन गेले. नवव्या जागी त्यांनी केविन विल्यम्स घेतला आणि तो उत्तम निघाला.

पिक खरोखर जातो तो शिक्षा म्हणून. मायामीचा २०२३ चा पहिल्या फेरीतला पिक लीगने काढून घेतला, कारण ब्रेडी आणि कोच शॉन पेटन हे दुसऱ्या संघांशी करारबद्ध असताना मायामीने त्यांच्याशी संधान बांधलं होतं. त्या वर्षी पहिल्या फेरीत ३१ च खेळाडू निवडले गेले.

१४. आपल्या फुटबॉलमध्ये असं काही आहे का?

काही काळ होतं. इंडियन सुपर लीगने भारतीय खेळाडूंसाठी ड्राफ्ट घेतले. २०१७ चा ड्राफ्ट मुंबईत झाला आणि त्यात नव्याने आलेल्या जमशेदपूरने बचावपटू अनस एडाथोडिकाला सर्वांत आधी निवडलं. पण तिथे कॉलेजमधून दरवर्षी येणारी नवी फळी नव्हती आणि पिकांची देवघेव करणारा बाजारही उभा राहिला नाही. त्यामुळे वरच्या क्रमांकाला इकडच्यासारखं मोल कधी आलं नाही.

१५. निवडलेल्या खेळाडूने ‘तुमच्याकडे येत नाही’ म्हटलं तर?

तर पहिल्या पिकवाल्याची मोठीच पंचाईत होते. जॉन एलवेने १९८३ मध्ये बाल्टिमोरला नकार दिला आणि त्यांना त्याला डेन्व्हरला द्यावं लागलं. २००४ मध्ये ईलाय मॅनिंगने सॅन डिएगोला आधीच कळवलं होतं. त्यांनी तरीही त्याला पहिल्या नंबरवर घेतलं आणि त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सकडून फिलिप रिव्हर्स आणि आणखी तीन पिक घेऊन त्याला दिलं. नकार मिळूनही तोटा कसा टाळायचा याचा तो नमुना आहे. टॅम्पा बेला ते जमलं नाही. १९८६ मध्ये त्यांनी बो जॅक्सनला पहिल्या पिकवर घेतलं, तो सरळ बेसबॉल खेळायला गेला आणि टॅम्पाच्या हाती काहीच लागलं नाही. पुढच्या वर्षी रेडर्स या संघाने त्याला सातव्या फेरीत उचललं.

आणि १९३६ च्या त्या पहिल्या ड्राफ्टचा पहिला खेळाडू? शिकागो विद्यापीठाचा जे बरवेंगर. फिलाडेल्फियाने त्याला निवडलं, पगारावर एकमत होईना म्हणून त्याचे हक्क शिकागोला दिले. शिकागोशीही जमलं नाही. ड्राफ्टच्या इतिहासातला पहिला पहिला पिक या लीगमध्ये एकही सामना खेळला नाही.